ओळखा पाहू! : शब्दकोड्यांच्या सोबतीचा इतिहास

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या या ग्रंथासाठी लेख लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा ‘हिरा’ या शब्दाभोवतीच मन घोटाळत राहिले, आणि त्यावरून मला एक हिऱ्याच्या आकाराची वस्तू आठवली. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन या लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या संपादकाने एक नवा खेळ छापला. घरे हिऱ्याच्या आकारात मांडलेली, मध्यभाग मोकळा, आणि वर त्या पुरवणीचेच नाव आधीच भरून दिलेले. त्याने खेळाला ‘वर्ड-क्रॉस’ असे नाव दिले होते. काही आठवड्यांनी छापताना दोन्ही शब्दांची अदलाबदल झाली, आणि जग त्याला ‘क्रॉस-वर्ड’ म्हणू लागले. आज घरोघरच्या वर्तमानपत्रांत ‘आडवे शब्द’ आणि ‘उभे शब्द’ अशी दोन शीर्षके मिरवणारे शब्दकोडे या हिऱ्याचे वंशज आहे.

परंतु आपल्या शाळेत शिकलेल्यांना शब्दकोडे म्हटले की चौकटी आठवणार नाहीत. त्यांना आठवेल फळ्याचा उजवा कोपरा. १९७०च्या दशकात आमच्या मराठीच्या बाई त्या कोपऱ्यात रोज सकाळी एक कोडे लिहीत. नियम तीन होते. उत्तर सापडले तर ते मोठ्याने सांगायचे नाही, बाईंच्या कानात सांगायचे, म्हणजे इतरांचा आनंद हिरावला जात नाही. ज्याला आधी सुटले त्याने दुसऱ्या दिवशीचे कोडे आणायचे. आणि तिसरा नियम सर्वांत कडक होता : उत्तर जाहीर झाल्यावर वर्गाने ‘अरे हो!’ म्हटले तर कोडे उत्तीर्ण, ‘असे कसे?’ म्हटले तर कोडे नापास, आणि ती चूक सोडवणाऱ्यांची नव्हे, घालणाऱ्याची. हैदराबादसारख्या शहरात, गल्लीत दक्खिनी, दुकानात तेलुगू आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुलांना ह्रस्व-दीर्घाची, अनेकार्थी शब्दांची आणि जुन्या म्हणींची ओळख त्या कोपऱ्याने जितकी करून दिली, तितकी पाठ्यपुस्तकाने करून दिली की नाही याची मला शंका आहे.

माझे एक कोडे असेच नापास झाले होते. त्याची हकीकत पुढे येईल. कारण त्या एका कोड्यामागे देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला इतिहास आहे, हे मला कितीतरी वर्षांनी समजले. तत्पूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

भारतीय वाङ्मयात कोड्याचे मूळ फार खोल आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४वे सूक्त कोड्यांनी भरलेले आहे, आणि अश्वमेधाच्या प्रसंगी ऋत्विज एकमेकांना गूढ प्रश्न विचारीत व त्यांची उत्तरे देत. त्या संवादाला ‘ब्रह्मोद्य’ असे नाव आहे. यक्षाने युधिष्ठिराला विचारलेले प्रश्न तर आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेले असतात. पण महाभारतातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कूटप्रसंग निराळा आहे. पांडव वारणावताला निघाले तेव्हा त्यांना निरोप द्यायला अवघे नगर लोटले होते. त्या गर्दीत विदुर युधिष्ठिराजवळ आला आणि काही असंबद्ध वाटावे असे बोलला : लोखंडाचे नसूनही शरीर कापणारे शस्त्र असते; रान जाळणारा तो बिळात राहणाऱ्याला मारू शकत नाही; चालणाऱ्याला वाट कळते, नक्षत्रांवरून दिशा कळतात. युधिष्ठिर एवढेच म्हणाला, की समजले. पुढे वाटेत कुंतीने विचारले, की सर्वांसमोर बोलूनही न बोलल्यासारखे ते काय होते? उत्तर असे होते, की घराला आग लावली जाणार आहे, भुयार खणून ठेवा आणि वाटा आधीच पाहून ठेवा. एका कोड्याने सहा जीव वाचले. ते कोडे सुटले, कारण घालणारा आणि सोडवणारा यांच्यामध्ये विश्वासाचे नाते होते. शब्द गर्दीतल्या सगळ्यांनी ऐकले असतील, अर्थ मात्र ज्याच्यासाठी होता त्यालाच लागला.

दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे म्हणजे कोड्याचे सोळा प्रकार सांगितले, तेव्हा तिचे उपयोगही सांगून ठेवले : क्रीडागोष्ठींमध्ये मनोविनोद करणे, गर्दीत असताना जाणकारांशी गुप्तपणे बोलणे, आणि इतरांना चकवणे. यातला दुसरा उपयोग वाचताना विदुराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पहिला उपयोग मात्र अधिक व्यापक ठरला. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त चौसष्ट कला मोजल्या आहेत. त्यांत प्रहेलिका आहे. प्रतिमाला, म्हणजे आपली अंत्याक्षरी आहे. उच्चारायला कठीण अशा शब्दांचा खेळ आहे. आणि दिलेल्या चरणावरून श्लोक पुरा करण्याची समस्यापूर्तीही आहे. नागरक मित्रांच्या घरी गोष्ठीला जमत, तेव्हा तिथे काव्यातल्या आणि कलांतल्या समस्या एकमेकांपुढे मांडल्या जात, असे तोच ग्रंथ सांगतो. म्हणजे त्या काळच्या कल्पनेत कोडे हा एकट्याचा छंद नव्हता. त्याला बैठक लागे.

सातव्या शतकात बाणभट्टाने ‘कादंबरी’च्या आरंभी शूद्रक राजाचा दिनक्रम वर्णिला आहे. मित्रमंडळींत तो कसा वेळ घालवी, हे सांगताना बाणाने शब्दखेळांची नावे दिली आहेत, आणि ती नावे वाचताना आपण आपल्याच वर्गात बसलो आहोत असे वाटते. अक्षरच्युतक म्हणजे शब्दातले एक अक्षर गाळले की दुसरा अर्थ निघतो. मात्राच्युतकात अक्षर तेच, मात्रा किंवा वेलांटी तेवढी गळते. गूढचतुर्थपादात श्लोकाचा चौथा चरण पहिल्या तीन चरणांच्या अक्षरांत लपवलेला असतो. आणि बिंदुमतीत व्यंजनांच्या जागी नुसते ठिपके मांडून त्यांवर काना, मात्रा, वेलांट्या तेवढ्या दाखवायच्या, आणि मित्राने त्यावरून सगळा श्लोक ओळखायचा! रिकाम्या जागा भरून शब्द शोधण्याचा खेळ आपण मधल्या सुट्टीत वहीच्या शेवटच्या पानावर खेळत होतो, तो बाणाच्या काळी सभ्य समाजात प्रतिष्ठा पावलेला होता. आमच्या शिक्षकांना ही गोष्ट तेव्हा ठाऊक असती, तर कदाचित काही वह्या जप्त होण्यापासून वाचल्या असत्या.

अक्षरच्युतकाचे मराठी उदाहरण द्यायचे तर ‘नगर’ हा शब्द घ्यावा. पहिले अक्षर गाळले तर गर, मधले गाळले तर नर, शेवटचे गाळले तर नग. तीन अक्षरांच्या पोटात तीन शब्द, आणि तिन्ही आपल्या रोजच्या वापरातले.

या सगळ्या विद्वत्तेवर एक आक्षेपही तेव्हाच घेतला गेला होता, आणि तो मला मोलाचा वाटतो. भामह या आलंकारिकाचे म्हणणे असे, की काव्यही शास्त्राप्रमाणे टीकेवाचून कळेनासे झाले, तर तो केवळ बुद्धिमंतांचा उत्सव ठरेल आणि सामान्य बुद्धीचे बिचारे मारलेच जातील. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात चौकोनात मांडल्यास कोणत्याही बाजूने सारखाच वाचता येणारा श्लोक रचला. ऐहोळेच्या इ.स. ६३४च्या शिलालेखात कालिदासाबरोबर त्याचे नाव कोरले गेले, इतकी त्याची कीर्ती होती. श्लोक आश्चर्यकारक आहे यात वाद नाही. पण त्याच्यापुढे आपण हात जोडून उभे राहतो. त्यात सहभागी होत नाही. कोड्याचे खरे आयुष्य या बाजूला नव्हते. ते लोकांच्या तोंडी होते.

तिथे पाहिले तर सगळा देशच एकमेकांना कोडी घालताना दिसतो. हिंदीत ती पहेली, पंजाबीत बुझारत, बंगालीत धांधा, कन्नडमध्ये ओगटु, तमिळमध्ये विडुकदै, आणि आपल्या शेजारच्या तेलुगू घरांत पोडुपु कथा. मल्याळममध्ये तिला कडंकथा म्हणतात. ‘कडम्’ म्हणजे ऋण. ज्याला उत्तर देता आले नाही त्याच्या डोक्यावर कर्ज चढले, अशी त्या नावामागची समजूत सांगतात. आपल्याकडे भेंड्या खेळताना हरणाऱ्या पक्षावर भेंडी चढते, ती याच कुळातली म्हणायची. गोव्यात आणि कोकणात हुमाण आहे. आणि आपला उखाणा! आज उखाणा म्हटले की हळदीकुंकवाला घेतलेले नाव डोळ्यांपुढे येते. पण जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडेच. पतीचे नाव उघड घ्यायचे नाही, म्हणून ते यमकाच्या पडद्याआड ठेवायचे आणि सख्यांनी आग्रह करकरून ते बाहेर काढायचे, या खेळात त्या जुन्या अर्थाची खूण राहून गेली आहे.

उत्तर भारतात या परंपरेला अमीर खुसरोचे (१२५३–१३२५) नाव चिकटले आहे. त्याच्या नावावरची हिंदवी कोडी मुखपरंपरेने आली असल्यामुळे त्यांतली त्याची किती आणि लोकांची किती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यांचे वर्गीकरण पाहण्यासारखे आहे. ज्या पहेलीत उत्तराचा शब्द तिच्याच ओळींत दडलेला असतो ती ‘बूझ पहेली’. ज्यात तो बाहेरून आणावा लागतो ती ‘बिनबूझ पहेली’. संस्कृतात धर्मदासाच्या ‘विदग्धमुखमंडना’त हाच भेद अंतर्लापिका आणि बहिर्लापिका या नावांनी येतो. खुसरोच्या ‘कहमुकरनी’त तर दोन सखीच बोलत असतात : पहिली अशा काही खुणा सांगते, की दुसरीला वाटावे हिचा साजणच, आणि दुसरीने तसे म्हणताच पहिली कानांवर हात ठेवून भलत्याच वस्तूचे नाव घेते. आणि ‘दो सुखने’ या प्रकारात दोन प्रश्नांना मिळून एकच उत्तर असते. मराठीत करून पाहायचे तर असे : विडा का झाला नाही? गोष्ट अपुरी का राहिली? उत्तर : पान नव्हते. आमच्या वर्गात ही रीत गल्लीतल्या दक्खिनी बोलणाऱ्या मित्रांकडून आली होती. खुसरोचे नाव आम्हांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

या मौखिक प्रवाहात छापील चौकट आली, तेव्हा पहिली अडचण लिपीची होती. इंग्रजीत एका घरात एक अक्षर बसते आणि शब्द लांब होतात. देवनागरीत व्यंजन, त्यावरची मात्रा, अनुस्वार आणि प्रसंगी जोडाक्षर हे सारे मिळून एक घर. ‘स्वातंत्र्य’ हा एवढा मोठा शब्द तीन घरांत मावतो. शब्द आखूड म्हणून काळी घरे अधिक, आणि आडवा-उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे मात्राही जुळावी लागते. उभ्या शब्दातून ‘दि’ आला असेल, तर आडव्या शब्दात ‘दिन’ बसेल, ‘दीन’ बसणार नाही. मराठी शब्दकोडे म्हणूनच शुद्धलेखनाची एक अबोल परीक्षा असते. आणि भारवीने आपल्या चौकोनात मांडली होती तीही अशीच मात्रांसह पूर्ण अक्षरे होती.

दुसरी अडचण पैशाची होती. १९४०-५०च्या दशकांत बक्षिसांच्या शब्दकोडी-स्पर्धांचे पीक देशभर आले. कुपन कापायचे, प्रवेशशुल्क भरायचे, उत्तर पाठवायचे. एकाहून अधिक उत्तरे पाठवायची तर शुल्क अधिक. बक्षिसांची रक्कम मोठी, आणि उत्तर संचालकांकडे आधीच मोहोरबंद ठेवलेले. यांतली एक गाजलेली स्पर्धा आर.एम.डी.सी. या नावाने चाले. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून ती मुंबई राज्यात पोहोचे. मुंबई सरकारने अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवला, संसदेने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला आणि १ एप्रिल १९५६पासून तो लागू झाला. महिन्याची एकूण बक्षिसे १,००० रुपयांच्या वर नकोत आणि एका स्पर्धेत २,०००हून अधिक प्रवेशिका नकोत, अशी त्याची मर्यादा होती. ज्या राज्यांनी असा कायदा व्हावा म्हणून ठराव केले, त्यांत तेव्हाचे हैदराबाद राज्यही होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी लागलेल्या दोन निकालांचा आशय थोडक्यात असा : जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे ती स्पर्धा या कायद्याच्या कक्षेत येत नाही, जिथे कोणीतरी आधीच निवडून झाकून ठेवलेल्या शब्दावर अंधारात नेम धरायचा आहे तो जुगार, आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही. संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या खटल्यांतही या निकालांचा आधार घेतला गेला आहे. कौशल्य की नशीब, हा प्रश्न आपल्या न्यायव्यवस्थेपुढे इतक्या ठळकपणे आला तो शब्दकोड्यांमुळे, हे अनेकांना माहीत नसते.

आता माझ्या नापास कोड्याकडे येतो. सहावीत असताना दुसऱ्या दिवशीचे कोडे आणण्याची पाळी माझ्यावर आली आणि मला काही सुचेना. माळ्यावरच्या वडिलांच्या जुन्या ट्रंकेत सुतळीने बांधलेली कागदांची एक चळत मला सापडली होती. कुठल्याशा साप्ताहिकाची कुपने, पोस्टाच्या पावत्या, आणि कोड्यांच्या चौकटी. त्यांतले एक मी उचलले आणि फळ्यावर लिहिले : याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही, दोन अक्षरी, पहिले अक्षर ‘का’. वर्गाने एकमुखाने ‘काळ’ म्हटले. मी ऐटीत सांगितले, चूक. उत्तर ‘काम’ आहे. मागच्या बाकावरून एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, आमच्या घरी तर ‘काका’!” वर्ग हसून लोटपोट झाला. बाईही हसल्या, मग फळा पुसत म्हणाल्या, “तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. म्हणजे कोडे चूक आहे.”

घरी जाऊन मी हे रागाने सांगितले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की त्यांनीही ‘काळ’च पाठवले होते. लग्नाआधीची तीन वर्षे, दर महिन्याच्या पगारातून काही रुपये. प्रत्येक वेळी एखाद-दुसऱ्या अक्षराने चुकायचे, आणि प्रत्येक वेळी वाटायचे की आपले मराठी कमी पडले. “मी शब्दकोश आणून अभ्यास करत होतो रे,” ते म्हणाले. कायदा झाला तेव्हा त्यांना बरे वाटले की वाईट, हे त्यांनी सांगितले नाही. शब्दकोश मात्र आमच्या घरी अजून आहे. त्याचे पुठ्ठे गेले आहेत, आणि ‘क’ची पाने सर्वांत मळलेली आहेत.

वडिलांचा दोष एवढाच, की कोडे घालणारा त्यांना कधी दिसलाच नाही. समोर असता, तर त्यालाही ‘असे कसे?’ म्हणून विचारता आले असते.

पुढे छापील कोडे पुन्हा आपल्या मुळाकडे आले. बक्षिसे लहान झाली किंवा गेलीच, आणि रविवारची पुरवणी चहाच्या टेबलावर दोघातिघांत फिरू लागली. ‘अगं, तीन अक्षरी, शेवटी ळ’ असे स्वयंपाकघराकडे ओरडून विचारणे हा कित्येक घरांचा प्रघात झाला. आमच्या तुकडीचे आता भ्रमणध्वनीवर एक मंडळ आहे; पुणे, बंगळूर, सिकंदराबाद आणि एक जण सातासमुद्रापलीकडे. २०२१ साली ‘वर्डल’ नावाचा इंग्रजी शब्दखेळ जगभर पसरला. जॉश वॉर्डल या अभियंत्याने तो आपल्या जोडीदारासाठी तयार केला होता. त्याची लोकप्रियता वाढली ती एका साध्या सोयीने : आपण कसे सोडवले हे मित्रांना रंगीत चौकोनांनी दाखवता येते, उत्तर मात्र झाकलेले राहते. आमच्या मंडळात ते चौकोन पहिल्यांदा आले, तेव्हा एकीने एवढेच लिहिले : “बाईंच्या कानात.”

या मंडळावर रोज सकाळी कोणीतरी एक कोडे टाकतो. नियम तेच तीन आहेत. परवा माझी पाळी होती, आणि या वेळी मी ट्रंक उघडली नाही. तीन अक्षरी शब्द आहे. पहिले अक्षर गेले तर मी फळात सापडतो, मधले गेले तर वाटीत, शेवटचे गेले तर जंगलात. आणि तिन्ही अक्षरे असतील तेव्हा हैदराबादेतून मी दिसत नाही. उत्तर ज्यांना सापडेल त्यांनी ते शेजारी वाचत बसलेल्याला सांगू नये. महोत्सवाच्या दिवशी भेटलात तर कानात सांगावे, आणि येताना आपले एक कोडे आणावे.